धुळीचे वादळ: वारा असताना काय करायचे आणि वारा पडल्यावर घाई का करायची नाही

हवेतल्या धुळीमुळे एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की त्याला धुळीचे वादळ म्हणतात. नजर दोनशे मीटरही पोहोचेना झाली, तर ते तीव्र समजायचे. अशी वादळे मुख्यतः दोन तऱ्हांनी येतात. तऱ्हा ओळखता आली की हातात किती वेळ आहे हे कळते.

पहिली तऱ्हा गडगडाटी ढगांची. ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि पुढच्या टोकाला धुळीची भिंत उभी करते. ही भिंत हजार मीटरहूनही उंच जाऊ शकते आणि वारा ताशी ५० ते १०० किलोमीटरने वाहतो. भिंत दिसल्यापासून ती अंगावर येईपर्यंत बहुधा काही मिनिटेच मिळतात. असे वादळ साधारण अर्ध्या ते तीन तासांत ओसरते, मात्र त्याच्या मागोमाग विजा आणि चिखलाचा पाऊस येऊ शकतो. दुसरी तऱ्हा हवेच्या दाबातल्या फरकामुळे सुटणाऱ्या वाऱ्याची. यात भिंत दिसत नाही. आकाश पिवळट होत जाते, सूर्य फिका पडतो आणि हे तासन्तास, कधी दिवस-दोन दिवस चालते.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच असते: वारा पडला म्हणजे धूळ पडली असे नाही. सरळ हिशेब करू. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा मातीचा कण तीन मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे ६ मिनिटे घेतो. २.५ मायक्रॉनच्या कणाला दीड तासाहून जास्त लागतो. १ मायक्रॉनचा कण नऊ-दहा तास तरंगतो, आणि तोही पंखा, दाराची उघडझाप, माणसांची ये-जा यांपैकी काहीच नसेल तर. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, म्हणजे हे कण सुटेसुटे डोळ्यांना दिसतच नाहीत. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. बारीक मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. खाली जे काही सांगितले आहे, त्यातले बरेचसे या हिशेबावरच उभे आहे.

घरात: एक खोली निवडा, सगळे घर नको

सगळे घर बंद करायला वेळ पुरत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूची, कमीत कमी खिडक्यांची एक आतली खोली निवडा. तिथे माणशी तीन-चार लिटर झाकलेले पाणी, विजेरी, चार्ज केलेला फोन, रोजची औषधे, जाड टॉवेल, कागदी चिकटपट्टी आणि मास्क ठेवा. दम्याचा रुग्ण असेल तर त्याचा इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) कपाटात नको, हाताशी हवा.

आता फटी. धूळ बंद खिडकीच्या काचेतून येत नाही, ती सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळातून येते. रुळाला बाहेरच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती आतून चिकटपट्टीने बंद करा. दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात ती उभी फटही बंद करा. दाराखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ओली करून, पिळून लावा. गुंडाळी सुकली की धूळ तिच्यातून आत येऊ लागते, म्हणून वादळ लांबले तर दर तासाभराने पुन्हा भिजवा. अमेरिकेच्या मैदानी भागात १९३० च्या दशकात लोक खिडक्यांवर ओल्या चादरी लावत ते याचसाठी. कापडाने जाड धूळ अडते. बारीक धुळीपैकी बरीच आत येतेच.

पुढची चूक फार घरांत होते. खोलीत कोंदट वाटू लागले की कोणीतरी एक्झॉस्ट फॅन किंवा स्वयंपाकघरातली चिमणी चालू करते. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब किंचित कमी होतो आणि तेवढीच हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, धुळीसकट. म्हणून हवा बाहेर टाकणारे सगळे पंखे बंद ठेवा. पाण्याचा कूलरही बंद करा, कारण तो बाहेरचीच हवा ओढतो. ओल्या जाळ्यांवर धुळीचा राडा बसतो तो वेगळाच. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे वीज असेल तर तो चालवता येतो. खिडकीच्या एसीला ताज्या हवेची झडप असते, ती आधी बंद करा.

हेपा फिल्टरचे (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचे) हवा शुद्धीकरण यंत्र असेल तर ते याच खोलीत ठेवा. पुरेसे आहे का, हे असे तपासा: १२ चौरस मीटर खोली, ३ मीटर उंची म्हणजे ३६ घनमीटर हवा. तासाला निदान पाच वेळा ती गाळली जायला हवी, म्हणजे यंत्राची क्षमता तासाला १८० घनमीटर हवी. त्याहून कमी असेल तर यंत्र मोठ्या दिवाणखान्यात ठेवण्यापेक्षा छोट्या खोलीत ठेवलेले चांगले.

फटी बुजवलेल्या खोलीत काहीही पेटवू नका. शेगडी, कोळसा, मेणबत्ती, काहीच नको. जनित्र तर घरात, व्हरांड्यात किंवा खिडकीजवळही चालवायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे आणि मळमळ ही त्याची सुरुवात असते आणि माणसे ती धुळीमुळे आहे असे समजून पडून राहतात. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले तर धुळीची पर्वा न करता मोकळ्या हवेत या.

मास्क

एन९५ किंवा एफएफपी२ मास्क बारीक कण ९४–९५ टक्के अडवतो, पण तो चेहऱ्याला चिकटलेला असेल तरच. लावल्यावर दोन्ही हात कडांवर ठेवून जोराने श्वास सोडा. हवा डोळ्यांकडे आली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. गालाकडून आली तर पट्टे घट्ट करा. दाढीवर मास्क बसत नाही. साध्या शस्त्रक्रियेच्या मास्कच्या बाजू मोकळ्या असतात, तरी काहीच नसण्यापेक्षा तो बरा. ओला रुमाल जाड कण अडवतो. मात्र एन९५ भिजवू नका, भिजल्यावर त्यातून श्वास घेणेच जड होते. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नाही, त्यांच्यासाठी बंद खोली हाच उपाय.

रस्त्यावर गाडीत

समोर धुळीची भिंत दिसत असेल तर तिच्यात शिरू नका. मागे वळता येत असेल तर वळा, नाहीतर पहिल्या सुरक्षित जागी बाहेर पडा. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियात आंतरराज्य महामार्ग ५ वर धुळीच्या वादळात १०४ वाहने एकमेकांवर आदळली आणि १७ माणसे गेली. अशा अपघातांची रीत ठरलेली असते: पुढचा अचानक थांबतो, मागच्याला तो दिसतो तेव्हा अंतर उरलेले नसते.

गाडी रस्त्यात धुळीने वेढली गेली तर:

१. ब्रेक हळूहळू लावत रस्त्याच्या कडेला या. डांबराच्या पट्ट्यावर, अगदी कडेच्या लेनमध्येही, थांबू नका. जितके दूर उतरता येईल तितके उतरा.
२. गाडी बंद करून हँडब्रेक ओढा.
३. सगळे दिवे बंद करा. चारही इंडिकेटर लुकलुकवणेसुद्धा बंद.
४. पाय ब्रेकवरून काढा, नाहीतर मागचे लाल दिवे लागलेलेच राहतात.
५. पट्टा लावलेला ठेवून, काचा बंद करून आत बसा.

दिवे बंद करणे विचित्र वाटते आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. काहीच न दिसणारा मागचा चालक पुढच्या लाल दिव्याला रस्ता समजून त्याच्या मागे येतो. तुम्ही कडेला उभे असाल आणि दिवे चालू असतील, तर तो तुमच्यावरच येईल. अपवाद एकच: कडेला उतरायला जागाच नसेल, पूल किंवा कठडा असेल, तर दिवे चालू ठेवून, रस्त्यावरच्या रंगीत पट्ट्याच्या आधाराने, अधूनमधून हॉर्न देत संथ गतीने पुढे जात राहा आणि पहिली जागा मिळताच उतरा.

दुचाकीवर असाल तर गाडी कडेला लावून तिच्यापासून दूर, वाऱ्याकडे पाठ करून बसा. हेल्मेट काढू नका, काच खाली घ्या.

पायी, उघड्यावर

वाऱ्याने उडवलेला पत्रा, मोडलेली फांदी, कोसळलेला फलक किंवा कच्ची भिंत यांचा धोका धुळीइतकाच खरा आहे. झाड, जाहिरातीचा फलक, पत्र्याची शेड, विजेचा खांब यांच्या आडोशाला थांबू नका. पक्की इमारत नसेल तर मोठा दगड किंवा बांध शोधून वारा लागणार नाही अशा त्याच्या पलीकडच्या बाजूला बसा, नाक-तोंड बांधा आणि डोके दोन्ही हातांनी किंवा पिशवीने झाका. वाळवंटी भागात जाड वाळू जमिनीलगत उड्या मारत जाते, तिचा मारा गुडघ्याच्या आसपास सर्वाधिक असतो. तिथे थोडी उंच जागा बरी. पण विजा चमकत असतील तर टेकडीचा माथा टाळाच. कोरड्या नाल्यात किंवा ओढ्यात उतरू नका. मागून येणारा पाऊस वरच्या भागात आधीच कोसळलेला असू शकतो.

वारा पडला. आता थांबा.

बाहेर स्वच्छ दिसू लागले की पहिला हात झाडूकडे जातो. तो आवरा. आत आलेली धूळ जमिनीवर बसायला किमान दोन तास द्या, आणि या वेळात पंखे लावू नका. छताच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ साचलेली असते; बटण दाबताच ती खोलीभर होते. खिडक्या उघडायची वेळ ठरवताना आकाशाच्या रंगावर जाऊ नका, जवळच्या हवा तपासणी केंद्राचा पीएम१० (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण) आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम आहे. वादळानंतर हा आकडा हजारांत असू शकतो. तो रोजच्या पातळीवर आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळू द्या.

बाहेर पडताना आधी वर आणि मग खाली पाहा. तुटलेली तार जमिनीवर असेल तर ती मेलेली समजू नका. दहा मीटर लांब राहा, इतरांना अडवा, वीज कंपनीला कळवा. खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसलेली धूळ कोरडी असते तोवर त्रास देत नाही. रिमझिम पावसाने ती ओली झाली की तिच्यातून वीज वाहू लागते आणि ठिणग्या उडतात. म्हणूनच वादळात टिकलेली वीज नंतरच्या भुरभुर पावसात जाते. संगणकाची वायरही तेवढ्यासाठी भिंतीतून काढूनच ठेवा.

आतली सफाई

मास्क लावा, वरून खाली या: पंख्याची पाती, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या पट्ट्या, सामान, शेवटी फरशी. सगळे ओल्या फडक्याने. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. दोन बादल्या घ्या, एकीत फडके धुवायचे आणि दुसरीत स्वच्छ पाणी. एकाच बादलीत फडके बुडवत राहिलात तर चौथ्या फेरीपासून तुम्ही फरशीवर पातळ चिखल सारवता, आणि वाळल्यावर तोच पुन्हा उडतो.

फरशीवर थर जाड असेल तर आधी हलके पाणी फवारा किंवा ओला लाकडाचा भुसा, नाहीतर ओल्या कागदाचे तुकडे पसरा, मग मऊ झाडूने लहान लहान फटक्यांत सुपलीत घ्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याच्या पिशवीतून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. हेपा फिल्टरचे यंत्र असेल तरच चालवा. धूर ओळखणारा अलार्म उगाच वाजत असेल तर आत धूळ गेली आहे. त्याच्या जाळीवरून मऊ ब्रश फिरवा, पण बॅटरी काढून विसरू नका.

काच, चष्मा, टीव्ही-फोनचा पडदा, कॅमेरा यांवर कोरडे फडके फिरवू नका. धुळीत क्वार्ट्झ असते आणि ते काचेपेक्षा कठीण आहे. घासले की ओरखडा कायमचा. पाणी चालणाऱ्या वस्तू आधी वाहत्या पाण्याखाली धरा. न चालणाऱ्यांवरून मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवा. संगणकावर हवेचा फवारा मारताना आतला पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो वेगाने फिरून त्याचा बेअरिंग बिघडतो.

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बाहेर झटका आणि साध्या पाण्यातून एकदा काढा. चादरी-उशांचे अभ्रे त्याच दिवशी बदला. रात्रभर नाक त्यांच्यावरच असते.

छप्पर, गच्ची, पाणी

गच्चीवरचा एक मिलिमीटरचा थर दिसायला काहीच नाही. पण ५० चौरस मीटरवर तो ५० लिटर भरतो आणि साधारण ६० ते ७५ किलो भरतो. पाण्याचा पाइप लावून तो पन्हळीत लोटलात तर चिखल कोपऱ्यात बसतो, वाळतो, आणि पुढच्या पावसात गच्ची तुंबते. आधी थर ओलसर करून खरवडून घ्या, पोती अर्धीच भरा आणि उरलेले तेवढे धुवा. पत्र्यावर चढण्याआधी खिळे आणि वाशे सुटलेले नाहीत ना हे खालून पाहा.

टाकीचे झाकण उडाले असेल तर मोटर लावू नका. पाणी रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी वापराला काढा, तळाचा गाळ बाहेर काढून टाकी धुवा. पिण्यासाठी पाणी घट्ट कापडातून गाळून एक मिनिट खळखळ उकळणे सर्वांत सोपे. उकळता येत नसेल तर ५ ते ९ टक्क्यांचे, वासाचा पदार्थ न घातलेले घरगुती क्लोरीन ब्लीच लिटरला २ थेंब, गढूळ असेल तर ४ थेंब घालून अर्धा तास ठेवा. उघडे राहिलेले शिजलेले अन्न टाकून द्या.

यंत्रे

एसीचे बाहेरचे युनिट वीज बंद करून धुवा. पाण्याचा झोत हलका ठेवा. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात आणि मग धूळ नसूनही गारवा कमी होतो. आतल्या जाळ्या धुऊन पूर्ण वाळवा.

गाडीच्या पुढच्या काचेवर वायपर चालवण्याआधी वायपर उचलून रबर पुसा आणि काचेवर भरपूर पाणी ओता. रंगालाही तेच: वरून खाली पाण्याची धार, मग साबण, मग कापड. इंजिनचा एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसेना तर बदला. हलका झटकून थोडे दिवस चालतो, पण जोराच्या हवेने तो साफ करू नका. कागदाला सूक्ष्म चीर पडते आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टर काढताना त्याच्या मागची, इंजिनकडची नळी बोटाने पुसून पाहा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नव्हता, आणि हे मेकॅनिकला दाखवण्यासारखे आहे. दुचाकीच्या साखळीवरचे जुने तेल धुळीसोबत साखळी घासत राहते, म्हणून साखळी आधी पूर्ण साफ करा आणि मगच नवे तेल द्या.

सौर पॅनेल पहाटे, काच थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर तडा जाऊ शकतो. चिखल वाळला असेल तर भिजवून पंधरा मिनिटे थांबा, मग मऊ ब्रश. पॅनेलवर पाय देऊ नका.

झाडांची पाने संध्याकाळी हलक्या फवाऱ्याने धुवा. जनावरांचे डोळे, नाकपुड्या आणि पाण्याचे भांडे आधी साफ करा, अंग नंतर.

शरीर

डोळ्यांत धूळ गेली तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन काढा, आणि उघड्या डोळ्यावर स्वच्छ पाण्याची संथ धार काही मिनिटे धरा. टोचणे, उजेड सहन न होणे किंवा धूसर दिसणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर बुबुळाला ओरखडा असू शकतो; डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नाक धुवायचे असेल तर पाणी उकळून गार केलेलेच घ्या आणि लिटरला ९ ग्रॅम मीठ घाला. नळाचे कच्चे पाणी नाकात वर ओढणे धोक्याचे आहे.

दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांनी आखून दिलेल्या पद्धतीने इन्हेलर घ्यावा. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. हृदयरोग्याच्या छातीतला दाब किंवा नेहमीपेक्षा जास्त लागणारी धाप हीसुद्धा धुळीमुळेच असेल असे धरून घरी बसू नका.

दोन-तीन दिवस कोरडा खोकला आणि काळपट शेंबूड हे अपेक्षित आहे. ताप, अंगदुखी आणि खोकला एक ते तीन आठवड्यांनी सुरू झाला, तर वादळाची आठवण पुसट झालेली असते आणि डॉक्टरही ते विचारत नाहीत. काही प्रदेशांच्या मातीत बुरशीचे बीजाणू असतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला व्हॅली फीव्हर असाच धुळीतून लागतो आणि साध्या न्यूमोनियासारखा दिसतो. म्हणून तपासणीला जाताना वादळाची तारीख, तेव्हा तुम्ही कुठे होता आणि सफाई मास्क लावून केली होती की नाही, हे तिन्ही स्वतःहून सांगा.